सागर दर्शनाखालची विहीर

नालवाडीतून समुद्र दिसत नाही. हे सांगायला कोणा शहाण्याची गरज नाही. रात्रभर रेल्वेत अंग आंबवून घ्यावं, तेव्हा कुठं सकाळी त्याचा खारा वास नाकाशी येतो. तरी गजेंद्रनं आपल्या बिल्डिंगीचं नाव ठेवलं 'सागर दर्शन', आणि निळ्या रंगात एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं की नागपूरकडे जाणारा ट्रकवालाही मान वळवून वाचायचा. वस्तीतली माणसं हसली. वच्छलाबाई हसली नाही. ती त्याची माय. मायला पोराचं कौतुक असतं तसं भेवही असतं, आणि तिनं तर दोन्ही एकाच पदरात गाठ मारून ठेवलं होतं.

गजेंद्र एक्याण्णव साली घरून निघाला तो सेंट्रिंगच्या फळ्या उचलायला. बाप तेव्हा नुकताच गेलेला, धाकटा धर्मेंद्र शाळेत. वसईच्या पुढं, खाडीच्या काठानं, तेव्हा शहर नुसतं धावत सुटलं होतं. फळ्या उचलता उचलता गडी मुकादम झाला, मुकादमाचा छोटा ठेकेदार झाला, आणि दर दिवाळीले घरी आला की अंगणात बाज टाकून तिकडच्या गोष्टी सांगायचा. त्याच्या गोष्टीत राजा नसायचा, राक्षस नसायचा, नुसत्या बिल्डिंगी.

"माय, तिकडची माणसं जमीन शोधत नाईत, बनवतेत," तो म्हणायचा. आज गुडघाभर खारं पाणी, त्यात बगळे उभे. उद्या डंपर सुरू. मुरूम, डबर, पाडलेल्या घरांचा मलबा, काय मिळंल ते आत. पुढच्या दिवाळीले त्याच जागी चौथ्या माळ्यावर आकाशकंदील लागलेला. जिथं मिठागरं होती तिथं रस्ता, रस्त्याच्या दोन्ही अंगाले गॅलऱ्या, गॅलऱ्यांत वाळत घातलेली लुगडी.

"मंग बगळे कुठी जातेत बाप्पा?" वच्छलाबाईनं एकदा विचारलं.

"तुले बगळ्याईची पडली," गजेंद्र म्हणाला, आणि त्याची बायको मेघा तोंडाले पदर लावून हसली.

एकदा बोलता बोलता तो असंही म्हणून गेला की तिकडं एक बिल्डिंग बसली. बसली म्हणजे काय, हे वच्छलाबाईले कळेना. तो म्हणाला, खाली गेली, टाकलेली भरणी दबली तर जाते कधी कधी. तिनं विचारलं, "आतली माणसं?" तर तो म्हणाला, "ते दुसऱ्या ठेकेदाराचं काम होतं, माय." पोरानं माणसांचं विचारलेलं ठेकेदारावर नेलं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पण दिवाळीचा दिवस, पोरगा वर्षानं घरी आलेला. कशाले खोदत बसा म्हणून तिनं चिवड्याचा डबा पुढं सरकवला.

दोन हजार एक साली गजेंद्र बायको-पोरीले घेऊन कायमचा परत आला. आला तो बेत घेऊनच. घराच्या जागेवर चार माळे उभे करायचे, खाली सगळं मोकळं, नुसते खांब, गाड्या ठेवायले. तिकडं तसंच असते म्हणे. आता नालवाडीत तेव्हा गाड्या किती, तर एक डॉक्टरची आणि एक दुधवाल्याची, तीही ढकलून चालू होणारी. पण गजेंद्रपुढं बोलणार कोण.

बेतात एकच गोष्ट आडवी होती. विहीर.

ही विहीर काही ऐरीगैरी नव्हती. वच्छलाबाईचा सासरा डोमाजी, त्यानं ती वस्तीच्या हातानं खणली. गावच्या विहिरीवर तेव्हा या लोकांना मज्जाव होता. बायकांनी घागरी घेऊन उन्हात उभं राहायचं आणि कोणाच्या मनात आलं तर वरून ओतेल ते घ्यायचं. एका उन्हाळ्यात डोमाजी म्हणाला, बस झालं, आणि आपल्या जागेच्या कोपऱ्यात पहिली कुदळ मारली. बाया, म्हातारे, सगळे खपले. पाणी लागलं ते असं गोड की गावातले लोक चोरून चाखून गेले. तेव्हापासून वस्तीत रीत पडली. नवी सून आली की उंबरठा ओलांडायच्या आधी तिनं या विहिरीचं पाणी शेंदायचं, घरातल्या वडीलधाऱ्याच्या ओंजळीत ओतायचं, मग आपण प्यायचं, मग घरात पाऊल. या रीतीला नुसतं 'ओंजळ' म्हणत. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, उपासतापास गेले. कोणीतरी विचारलं, ओंजळही सोडायची का? डोमाजी म्हणाला, "यात देव कुठी हाय? यात आपला घाम हाय. राहू द्या." म्हणून ओंजळ राहिली. वच्छलाबाईनंही शेंदली होती, हाताले फोड येईस्तोवर.

तर ही विहीर बुजवायची, असं गजेंद्रनं वच्छलाबाईले सांगितलं. ती नाही म्हणणार होती, अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात अण्णाजी आले. बाजारात त्यांचं पिढीजात किराणा दुकान. म्हणाले, "वच्छलाबाई, दुसऱ्या माळ्यावरचा फ्लॅट मले पाहिजे, तुमच्या गजेंद्रले सांगा." याच अण्णाजीच्या बापानं एकदा हिच्या सासूची घागर गावच्या विहिरीच्या काठावरून लाथेनं लोटली होती. त्याचा पोरगा आज आपल्या घरात जागा मागते! वच्छलाबाईची छाती भरून आली. खोटं कशाला बोला, तिला त्या दिवशी विहिरीपेक्षा बिल्डिंग मोठी वाटली.

"बुजव," ती गजेंद्रले म्हणाली. "पण तोंड ठेवजो. उद्या धर्मेंद्रची बायको येईन, तिले ओंजळ कराले तोंड पाहिजे."

"ठेवतो ना माय. तिकडं समुद्र बुजवतेत, हे त एक इहीर हाय."

भर उन्हाळ्यात काम झालं. पाणी तळाले गेलेलं, झरे गप्प. पाडलेल्या घराच्या भिंती आत गेल्या, चूल गेली, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, कुठून कुठून आणलेला मलबा. वरून पाणी मारलं, रोलर फिरवला. विहिरीच्या तोंडावर लोखंडी कडी असलेली मोठी फरशी बसवली. दिलेला शब्द पाळला म्हणा. पुढं त्याच फरशीवर चकचकीत टाइल्स लागल्या आणि कडी कुठं गेली ते कोणाले दिसेनासं झालं. बिल्डिंगीचा कोपऱ्याचा खांब तिथून हातभर अंतरावर. त्या खांबाले लागूनच गजेंद्रनं मायसाठी एक खोली काढली. म्हणाला, तुह्या इहिरीजवळच निजजो.

काळ्या मातीचा स्वभाव इकडच्या माणसाले सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, बसल्या जागी कूस बदलते. गजेंद्र याच मातीत वाढलेला. पण दहा वर्षं माणूस दुसरीकडं जेवला की आपल्या घरच्या मिठाची चव विसरते.

पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. चारही माळे भरले. संध्याकाळी गॅलऱ्यांत दिवे लागले की वच्छलाबाई रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहायची आणि वर पाहायची. दुसऱ्या माळ्यावर अण्णाजीची सून कपडे वाळत घाली. ते पाहून हिचं मन निवायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात बेडकं ओरडली. बेडकं पावसाळ्यात ओरडतेतच, त्यात काय? पण ही ओरडत होती टाइल्सच्या खालून. वच्छलाबाई खोलीत बाजेवर बसली की पायाखालून आवाज यायचा, दबलेला, मोठ्या हंड्यात कोंडल्यासारखा. तिनं गजेंद्रले बोलावून ऐकवलं. तो म्हणाला, नालीत असतीन. नाली बिल्डिंगीच्या दुसऱ्या अंगाले होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग तिच्या खोलीचं दार अडकू लागलं. सुतार आला, रंधा मारून गेला; महिन्यात पुन्हा अडकलं. मग प्रेरणाचा चेंडू. गजेंद्रची ही पोरगी खाली खांबांमध्ये खेळायची. चेंडू कुठंही ठेवला की जरा थांबायचा आणि मग आपला हळूहळू कोपऱ्याच्या खांबाकडं निघायचा. पोरीले त्याची गंमत. "आजी, पाह्य, चेंडू तुह्या घरी येऊन राह्यला." वच्छलाबाईनं तो चेंडू पुन्हा पुन्हा ठेवून पाहिला. एकदाही तो दुसरीकडं गेला नाही. 

तिनं पोराले बाजूला घेऊन सांगितलं, खाली भरणी बसून राह्यली, झरे जिते झाले, खांबाखाली काय उरलं ते पाहून घे. गजेंद्र आधी हसला.  मग हळू आवाजात म्हणाला, "माय, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू बोलशीन त वरचे सारे उतरतीन. पुलगाव रोडवर मी दुसरी बिल्डिंग काढून राह्यलो, तिथी कोण येईन? मले या गावात तोंड दाखवता येईन का?"

"आन काही झालं त?"

"काही होत नाई."

आता तिनं करावं काय? बोलावं तर पोरगा बुडतो, आणि अण्णाजीसारखे लोक म्हणायले मोकळे की पाहा, यांच्या हातानं उभं राहिलेलं असंच असते. न बोलावं तर वर चार माळ्यांवर लेकरंबाळं निजलेली. पोराच्या इज्जतीत आणि लोकांच्या जिवात तिची सुपारी अडकित्त्यात सापडावी तशी गत झाली. दोन वर्षं तिनं तशीच काढली. दर पावसात उठून खांबाले हात लावून यायची, जसं तापल्या लेकराच्या कपाळाले लावतेत.

धर्मेंद्रचं लग्न ठरलं तेव्हा तिला वाट दिसली.

पोरगी पुलगावची, रीता नावाची, धीट आणि हसरी. माघ महिन्यात तिकडच्या विहारात लग्न लागलं. दुपारी वरात नालवाडीत आली. जेवणाच्या पंगती खांबांमध्येच मांडलेल्या, सगळी वस्ती जमलेली, वरचे भाडेकरू, मालक, अण्णाजी सगळे खाली उतरलेले. त्यांची लेकरं आणि म्हातारी माणसं तेवढी वर. पांढऱ्या लुगड्यातली नवरी जिन्याशी आली. गजेंद्रनं तयारी करून ठेवली होती. नळाखाली नवीकोरी घागर भरलेली.

"घे रीता, या पाण्यानं ओंजळ कर," तो म्हणाला.

"नळ सरकारचा हाय," वच्छलाबाई म्हणाली. "ओंजळ इहिरीची अस्ते."

"माय, पाणी ते पाणी."

"तू तोंड ठेवलं होतं ना? मंग उघड."

गजेंद्र तिच्याकडं पाहतच राहिला. त्याले कळलं. तिच्या डोळ्यांत पाहिल्याबरोबर कळलं की माय ओंजळीसाठी बोलून राह्यली नाही. पण चारचौघांत आता काय म्हणणार? शकुंतलाबाई, वस्तीतली सगळ्यात जुनी बाई, काठी टेकत पुढं आली. "वच्छलानं शेंदलं, आमी साऱ्याईनं शेंदलं. नवरीले काऊन अडवता?" मागून दहा बायका तेच म्हणाल्या. धर्मेंद्रनं लग्नाच्याच कपड्यांत सब्बल, लोखंडी पहार, उचलली.

तीन-चार टाइल्स फुटल्या, खाली फरशी लागली, गंजलेली कडी सापडली. चौघांनी ओढून फरशी बाजूला केली. आतून गार, कुबट हवा आली. पुढं वाकलेल्या बायका मागं सरकल्या. वच्छलाबाईनं जपून ठेवलेला जुना दोर रीताच्या हाती दिला. हातभर खाली मुरूम लागेल, त्यात थोडं पाझरलेलं पाणी असेल, असंच सगळ्यांना वाटत होतं. रीतानं घागर सोडली. दोर सुटत गेला. सुटतच गेला. नवरीनं घाबरून सासूकडं पाहिलं.

"सोड पोरी," वच्छलाबाई म्हणाली.

मध्येच घागर कशाला तरी धडकली, आणि बाजूनं काहीतरी सुटून खाली गेलं. खडी असावी. ती पाण्यात पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला. पंगतीतले लोक जेवता जेवता थांबले. अण्णाजीनं आपल्या स्कूटरच्या डिक्कीतून बॅटरी आणली आणि तोंडाशी गुडघे टेकून आत उजेड टाकला.

भरणी नव्हती. ती कधीचीच बसून पार खोल गेली होती, वर नुसती पोकळी. आणि त्या पोकळीच्या कडेला कोपऱ्याच्या खांबाचा पाया अर्धा विहिरीच्या जुन्या दगडांवर टेकलेला, अर्धा हवेत. खालचे दोन दगड निसटलेले होते.  अण्णाजीनं बॅटरी बाजूच्या माणसाच्या हाती दिली आणि त्यालाही आत पाहायला लावलं.

तोवर रीतानं दोर ओढला. घागर वर आली. पाणी राखाडी, वर सिमेंटची साय धरलेली, खाली रेती. रीतीप्रमाणं ते घरातल्या वडीलधाऱ्याच्या ओंजळीत पडायला हवं, म्हणजे वच्छलाबाईच्या. तिनं घागर नवरीच्या हातातून घेतली आणि गजेंद्रपुढं धरली.

"या घराचा कर्ता तू हायेस. हे घर तू बांधलं. पहिली ओंजळ तू पे."

सगळी वस्ती पाहत होती. गजेंद्रनं हात पुढं केले, ओंजळही केली. पाणी ओतलं गेलं. तो ओंजळीत पाहत राहिला. बोटांमधून पाणी गळून गेलं, रेती तेवढी उरली, पण ओंजळ काही तोंडाकडं गेली नाही.

तेवढं पुरलं. अण्णाजी जिना चढून वर गेले आणि आपल्या नातवाले कडेवर घेऊन खाली आले. त्यांच्यामागं दुसरे, तिसरे. तासाभरात रस्त्यावर गाद्या, हंडे, टीव्ही, गॅसच्या टाक्या आणि माणसं. कोणी शिव्या दिल्या, कोणी रडलं. नवरी उंबरठा न ओलांडता रस्त्याच्या पलीकडं एका उलट्या टोपल्यावर बसून राहिली. गजेंद्र मात्र आत, एकटा ती फरशी पुन्हा तोंडावर ओढायले पाहत होता.

"चाल बाप्पा," वच्छलाबाई म्हणाली.

"तू मले बुडवलं, माय."

 तिनं त्याचं मनगट धरलं आणि लहानपणी शाळेत ओढत न्यायची तसं ओढत त्याले उन्हात आणलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवसाढवळ्या, कोपऱ्याचा खांब खाली गेला. त्याच्यामागं चारही माळे. धूळ बसली तेव्हा 'सागर'मधला 'सा' तेवढा एका तुकड्यावर दिसत होता. आत कोणी नव्हतं. अण्णाजीनं नातवाचा हात घट्ट धरला आणि वच्छलाबाईपुढं येऊन दोन्ही हात जोडले. त्यांचा बाप असता तर काय म्हणाला असता, हा विचार तिच्या मनात आला, पण त्यात आता काही गोडी उरली नव्हती.

हे पाहायला गजेंद्र नव्हता. लग्नानंतर महिन्याभरातच तो मेघाले आणि प्रेरणाले घेऊन पुन्हा वसईकडं गेला. बातमी कळवली तर फोनवर म्हणाला, "काळ्या मातीचं काम हाय ते. इकडची जमीन चांगली." पुढं दोन वर्षं त्यानं मायशी धड बोलणं केलं नाही. सणावाराले मेघा बोलायची, तेही तुटक.

मग दोन हजार आठ साली, दिवाळीच्या तोंडावर, त्याचा आपणहून फोन आला. वच्छलाबाई तेव्हा रस्त्यापलीकडं धर्मेंद्र आणि रीतासोबत टिनाच्या घरात राहायची. आवाज ऐकूनच तिचे डोळे भरले. पोराचा राग गेला होता. म्हणाला, मोठ्या बिल्डरसोबत काम लागलं, खाडीच्या काठानं सात माळ्यांच्या बिल्डिंगी उठून राह्यल्या, त्यातल्याच एकीत त्यानं घर घेतलं. सातव्या माळ्यावर.

"माय, गॅलरीतून समुद्र दिसते. खरोखरचा. तू ये राह्याले."

"येईन ना," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तिथी आधी काय होतं बाप्पा?"

"कुठी?"

"तुह्या बिल्डिंगीखाली."

"काही नव्हतं माय. नुसतं पाणी होतं."

 ती म्हणाली, "प्रेरणाले दे."

प्रेरणा आता चौथीत होती. आजीचा आवाज ऐकून तिनं शाळेचं, मैत्रिणींचं सगळं धडाधड सांगून टाकलं. वच्छलाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"पोरी, तुह्याजवळ चेंडू हाय का?"

"आहे ना आजी."

"खाली ठेव. ढकलू नोको, नुसता ठेव."

फोनमध्ये पोरगी खाली बसल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. वच्छलाबाईनं फोन कानाशी एवढा दाबला की कान दुखू लागला.

"राह्यला का तिथंच?"

"नाही आजी. कोपऱ्यात गेला. तो नेहमी तिकडंच जातो."

वच्छलाबाईनं फोन खाली ठेवला नाही. तसाच तो कानाशी धरून तिनं धर्मेंद्रले हाक मारली, आणि मुंबईकडं जाणारी पहिली गाडी किती वाजता आहे ते विचारलं.